मीटरच्या कोपऱ्यातली खूण

सोमवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी गाडी अकराव्यांदा सुरू झाली नाही. चावी फिरवली तसा बॉनेटखालून कट-कट-कट असा कोरडा आवाज आला, डॅशबोर्डवरचे दिवे पिवळे पडून मालवले, आणि स्टिअरिंगमागे बसलेल्या नवऱ्याने घड्याळ बघून वेळ वहीत लिहिली. मग तो खाली उतरला.

"अगं, मीटर आण."

ती मीटर घेऊनच उभी होती. गेल्या अडीच महिन्यांत हे काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं होतं. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या एका टर्मिनलला, काळं दुसऱ्याला लावायचं आणि पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा. नवऱ्याला जवळचं बारीक काही दिसत नसे. सत्तेचाळीस उलटली तरी चष्मा लावणं त्याला कमीपणाचं वाटे.

"किती?"

"अकरा पॉइंट नऊ."

"आणि काल संध्याकाळी आठला?" प्रश्न विचारून त्यानेच वहीचं मागचं पान उलटलं. "बारा पॉइंट नऊ. बॅटरी भरलेली. म्हणजे रात्रीतून पूर्ण एक व्होल्ट गेला. आपोआप जात नाही तो."

जुनी काढलेली बॅटरी कोपऱ्यात चार्ज करून ठेवलेली असे. तिच्यावरून दोन वायरी जोडल्यावर गाडी खोकली आणि सुरू झाली. वायरी काढून त्याने आत बसून रेस दिली.

"किती?"

"चौदा पॉइंट दोन."

"चार्जिंग पास," तो म्हणाला.

कारखान्यात तो मोजमाप विभागात होता. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक दांडा त्याच्या टेबलावर येई, तो मोजी, आणि दांडा उजव्या पेटीत जाई किंवा डाव्या. त्याच्या हाताखालची माणसं त्याला पाठीमागे 'पॉइंट' म्हणत. हे नाव त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडत होतं.

गॅरेजच्या आतल्या दारात सासरे येऊन उभे राहिले. अंगात बाह्यांची बंडी, हातात लाकडी दांड्याची हातोडी. एकतीस वर्षं त्यांनी एका कंपनीची कामगारांची बस चालवली होती.

"कार्बन संपलेत रे," ते म्हणाले. "बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरच्या आतले. झिजले की कधी टेकतात, कधी टेकत नाहीत. दांड्याने दोन टोले दिले की चार दिवस बरं चालतं. एकदा काढून बघ. पाऊण तासाचं काम."

"बाबा, चौदा पॉइंट दोन आहे."

"असेल. पण दिवा बघ ना. बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतोय."

"पेटला तर पूर्ण पेटतो तो. मंद पेटणारा दिवा फक्त तुम्हालाच दिसतो."

"मला दिसतो, कारण मी चष्मा लावतो."

पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधणारी मुलगी फसकन हसली. पंधरा वर्षांची होती, हसू दाबायचं वय नव्हतं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो वडिलांकडेच बघत राहिला, आणि त्याचा आवाज खाली आला.

"पहाटे पाच वाजता गाडीत कोण बसलं होतं, बाबा?"

सासऱ्यांनी हातोडी या हातातून त्या हातात घेतली. "मी. दिवे बघायला."

"चावी फिरवलीत?"

"एक घर. नेहमीसारखी."

"आणि परत बंद केलीत?"

"केली की."

"नक्की?"

या 'नक्की'वर म्हातारा थबकला. फार नाही, श्वासभर. नवऱ्याने वही उघडली आणि त्यात काहीतरी लिहिलं.

ही सासऱ्यांची जुनी सवय होती. बस बाहेर काढायच्या आधी गाडीत बसायचं, चावी एक घर फिरवायची, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटतात का बघायचं, एकेकाचं मनात नाव घ्यायचं आणि चावी परत फिरवायची. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती, बस केव्हाच भंगारात गेली होती, पण पहाटे पाचला जाग आली की ते गॅरेजमध्ये जाऊन मुलाच्या गाडीचे दिवे बघत. कुणाला त्याचं काही वाटत नसे. उलट नवरा पूर्वी कौतुकाने सांगे, आमच्या गाडीला वॉचमन आहे म्हणून.

आता तीच गोष्ट त्याच्या वहीत पुरावा म्हणून बसली होती. त्याचा हिशोब सरळ होता. बॅटरी नवी. चार्जिंग चौदाच्या वर. एका रविवारी त्याने सगळे फ्यूज एकेक करून उपटले होते. कुठेही वीज गळत नव्हती. बायको सहाला गाडी आणून लावते, आठला तो स्वतः दिवे, दारं, डिकी तपासतो. यंत्र पास, वायरिंग पास, बायको पास. उरलं एक माणूस. गॅरेजवाल्याकडे न्यायचं नावच नको. "ते अंदाजाने काम करतात," तो म्हणे, "आणि अंदाज करायचा तर आपले बाबा काय वाईट आहेत!"

बोलणं गाडीवरून सुरू होई आणि गॅसवर जाई. आज गाडीची चावी विसरले, उद्या शेगडी विसरतील. गावाबाहेर ज्येष्ठांसाठी एक निवास होता. तिथे एक खोली रिकामी झाली होती आणि रविवारपर्यंत कळवायचं होतं. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली तेव्हा सासऱ्यांना तीसपैकी सव्वीस मिळाले. वयाच्या मानाने उत्तम, असं डॉक्टर म्हणाले. "डॉक्टर यांच्याबरोबर राहत नाहीत," नवरा म्हणाला. "माझ्याकडे अकरा तारखा आहेत."

ती या सगळ्यात काही बोलत नसे. बोलायचं काम नवरा करत होता. पण एक गोष्ट तिने कधी कुणाला सांगितली नव्हती: लग्नाला सोळा वर्षं झाली, आणि ही सोळा वर्षं ती बाहेरच्या खोलीत, रोज घालायच्या आणि रोज काढायच्या पलंगावर झोपली होती. एका बाजूला मुलीची गादी, दुसऱ्या बाजूला संडासाकडे जायची वाट. आतल्या खोलीला दार होतं, दाराला कडी होती, आणि खिडकीतून सकाळचं ऊन थेट पलंगावर पडे. त्या पलंगावर सासरे झोपत. अलीकडे तिने त्या खोलीच्या पडद्याचं माप घेऊन ठेवलं होतं. कुणी विचारलं असतं तर धुवायला काढायचेत, असं तिने सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

मंगळवारी दवाखान्यात लहान मुलांचं वजन करायचा काटा तिच्या टेबलावर होता. तिथे ती मदतनीस होती. एका बाळाचं वजन गेल्या आठवड्यापेक्षा सव्वा किलोने जास्त भरलं. आई खुलली. बाई डॉक्टरांनी काट्याकडे एक नजर टाकली आणि तो उचलून बाजूला ठेवला.

"ही खूण दिसत नाही का तुला? सेल उतरलाय. सेल उतरला की यंत्र बंद पडत नाही, थापा मारायला लागतं. ही खूण दिसली की त्यावरचं काही खरं मानायचं नाही."

काट्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढं, बॅटरीचं चित्र लुकलुकत होतं.

ते चित्र तिने घरच्या मीटरवर पाहिलेलं होतं. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी आठला, अडीच महिने.

गुरुवारी तिला अर्धी सुट्टी होती. नवरा कारखान्यात, मुलगी शाळेत, सासरे जेवून आडवे झालेले. तिने येताना मीटरचा चौकोनी सेल विकत आणला होता. गॅरेजचं दार ओढून घेतलं, मीटरच्या पाठचा स्क्रू काढला, जुना सेल बाहेर काढून नवा बसवला. कोपऱ्यातली खूण गेली. गाडी सुरू करून टोकं लावली.

बारा पॉइंट पाच.

तिने रेस देऊन पाहिली, धावत पुढे येऊन परत पाहिलं. बारा पॉइंट सहा. इंजिन चालू असताना चौदा पाहिजे, हे अडीच महिन्यांत तिला पाठ झालं होतं. गाडी बॅटरी भरतच नव्हती. दर सहा-आठ दिवसांनी बॅटरी रिकामी होत होती, बस. म्हातारा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता.

"काय करतेस गं पोरी?"

सासरे आतल्या दारात उभे होते. झोपेतून उठून आलेले, केस विस्कटलेले.

"काही नाही, बाबा. बघत होते."

"किती दाखवतोय?"

तिने मीटर छातीशी धरला. "बंद केला आत्ताच."

ते गाडीजवळ आले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. याच गाडीत त्यांनी तिला चालवायला शिकवलं होतं. नवऱ्याने दोन दिवसांत हात टेकले होते, तेव्हा सासरे शेजारी बसून महिनाभर म्हणत राहिले: घाई नको, क्लच हळू सोड, गाडी तुझ्यापेक्षा जास्त घाबरलीय.

"ऐकतेस का," ते म्हणाले. "तू सांग त्याला एकदा. कार्बन बघ म्हणावं. माझं त्याला पटत नाही. तुझं ऐकेल तो."

"बघते," ती म्हणाली.

"नाहीतर मला वाटायला लागलंय..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग तळहात उघडून तिला दाखवला. अंगठ्याखाली निळ्या पेनाने लिहिलं होतं: चावी बंद केली. खाली वेळ. पाच वाजून सात.

"हे लिहिलेलं असलं की बरं वाटतं. पण मग असंही वाटतं की आधी लिहून ठेवलं आणि चावी तशीच राहिली तर?"

"तुम्ही पडा जरा," ती म्हणाली.

ते गेले. पावलं आत गेली, पलंग करकरला. मग तिने स्क्रू परत काढला, नवा सेल बाहेर घेतला आणि जुना होता तसा बसवला. खूण कोपऱ्यात लुकलुकू लागली. नवा सेल तिने पर्समध्ये, औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवला. आपण कुणाशीही खोटं बोललेलो नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. पडद्यावर जे दिसलं तेच प्रत्येक वेळी वाचलं होतं. एकही आकडा बदलला नव्हता.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने शेवटची चाचणी जाहीर केली. बॅटरी रात्रभर चार्जरवर लावून पूर्ण भरायची, आणि पुढचे तीन दिवस चावी रात्री-पहाटे त्याच्या खिशात राहील. "गाडी बंद पडली तर मी हरलो," तो जेवताना म्हणाला. "बाबा, तुम्ही म्हणाल त्या माणसाकडून म्हणाल ते काढून घेऊ. नाही पडली, तर?"

"तर मी हरलो," सासरे म्हणाले, आणि ताटातलं चिवडत राहिले.

चार्जरवरून भरून निघालेली बॅटरी पाच-सहा दिवस सहज काढते. हे तिला माहीत होतं. तिने सासऱ्यांना पोळी वाढली.

शुक्रवारी गाडी सुरू झाली. शनिवारी झाली. रविवारी सकाळी तर पहिल्या हिसक्यात झाली, आणि नवऱ्याने मुद्दाम तीनदा बंद करून तीनदा सुरू केली. दर वेळी आतल्या दारात उभ्या असलेल्या वडिलांकडे बघून. चौथ्या वेळी सासरेच म्हणाले, "पुरे."

अर्ज जेवणाच्या टेबलावर मांडला होता. त्यात एक रकाना होता: राहायला येणाऱ्या व्यक्तीला दिवे, गॅस, नळ बंद करण्याचं भान राहतं का? नवऱ्याने पेन वडिलांच्या हातात दिलं. "तुम्हीच लिहा. मी लिहिलं तर म्हणाल, पोराने घुसडलं."

"मला आठवत नाही रे," सासरे म्हणाले. "मी बंद करतो असं मला वाटतं. पण आता अकरा वेळा..." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तू होतीस ना प्रत्येक वेळी? चौदाच दाखवत होता?"

तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. मुलगी दारात उभी राहून आईकडे बघत होती.

"चौदा पॉइंट दोन," ती म्हणाली. "तेच दिसायचं."

"मग असेल," सासरे म्हणाले, आणि रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: नाही.

त्याच दुपारी निवासाकडे जायला गाडीने पन्नास मिनिटं लागली. सासरे पुढे बसले होते, मांडीवर पिशवी. रस्त्यात एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांची नजर डॅशबोर्डवर गेली. लाल दिवा मंद पेटला होता. मागच्या सीटवरून तिलाही तो दिसला. सासऱ्यांनी तोंड उघडलं, मग चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला आणि परत लावलाच नाही.

आतली खोली सोमवारी धुऊन निघाली. मंगळवारी पडदे लागले. ती पहिल्यांदाच कडी लावून झोपली, आणि चांगली झोपली.

निवासातून आठवड्याने फोन आला. तक्रार नाही, फक्त कळवायचं होतं, असं तिथली बाई म्हणाली. आजोबा रात्री चार-पाच वेळा उठून व्हरांड्यातली सगळी बटणं तपासतात. बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या काचेला नाक लावून बघतात. आमच्या डॉक्टरांनी परत चाचणी घेतली, तीसपैकी एकोणीस आले. "घरीही असंच होतं का?"

"हो," नवरा म्हणाला. "घरी याहून जास्त होतं." फोन ठेवून तो बायकोकडे वळला. "बघ. वेळेवर निर्णय घेतला."

त्या रात्री भांडी झाल्यावर ती गॅरेजमध्ये गेली. पर्समधली डबी बरोबर होती. मीटरला नवा सेल बसवून ठेवायचा, बाकी काही बोलायचं नाही. उद्या आकडा आपोआप खरा दिसेल, नवऱ्याला यंत्रातला दोष आपोआप सापडेल, असा तिचा विचार होता. स्क्रू अर्धा निघाला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की पुढे तो काय करेल. सगळं मागे नेऊन जुळवेल. कालपर्यंत चौदा, आज बारा. मधे काय बदललं? मीटर उघडेल. नवाकोरा सेल बघेल. वाचणारी कोण, हे त्याला विचारावं लागणार नाही. तिने स्क्रू परत आवळला, दिवा मालवला आणि घरात आली.

बुधवारी सकाळी सहा वाजून एकतीस मिनिटांनी गाडी बाराव्यांदा सुरू झाली नाही.

नवऱ्याने चावी पुन्हा फिरवून पाहिली. वेळ लिहायलाही त्याला उशीर झाला. मग खाली उतरून त्याने बॉनेट उघडलं.

"किती?"

तिने टोकं लावली. पडदा आता फिका पडला होता, कोपऱ्यातली खूण लुकलुकायची थांबून कायमची बसली होती. आकडा स्पष्ट होता. तेरा पॉइंट एक.

चावी फिरवल्यावर नुसती कटकट करणाऱ्या बॅटरीत तेरा पॉइंट एक असूच शकत नाही. हे पोरालाही कळलं असतं, 'पॉइंट'ला तर कळणारच होतं. मीटर तिच्या हातून घेऊन तो उजेडात नेणार, डोळे बारीक करून कोपऱ्यात बघणार.

"अगं, किती?"

"अकरा पॉइंट आठ," ती म्हणाली, आणि मीटर बंद केला.

त्याने आकडा लिहिला. मग वहीचं मागचं पान काढून पहिल्यापासून सगळं वाचलं, पेनाचं टोक एकेका ओळीवर टेकवत. बॅटरी. चार्जिंग. वायरिंग. वडिलांच्या नावावर रेघ मारलेली होती. पायरीवर मुलगी डबा भरून बसली होती.

"काल आठला मी तपासलं तेव्हा सगळं बंद होतं," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. "आठनंतर गॅरेजमध्ये कोण आलं होतं?"

"आई आली होती की," मुलगी म्हणाली. "भांडी झाल्यावर. दिवा लागलेला दिसला मला."

नवऱ्याने वर पाहिलं. "कशाला आली होतीस?"

पर्स तिच्या खांद्याला होती, डबी पर्समध्ये होती.

"गाडीत बसली होतीस?"

"नाही."

"नक्की?"

ती श्वासभर थबकली. नवऱ्याने ते पाहिलं, वहीचं नवं पान काढलं आणि वर तारीख घातली. सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत तिने दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं. दवाखाना सातला उघडत होता, आणि गाडी सुरू झालेली नव्हती.